सरजाबाईचं उजवं कडं

पेडगावच्या व्यंकटराव सोनारांना कुणीही विचारावं, की धम्मशीला पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तुमाला काय वाटलं? आधी त्यांचे खांदे हलतात, मग पोट हलतं, मग खुर्ची. हसून हसून डोळ्याला पाणी आलं की दस्तीनं पुसतात आणि कबूल करून टाकतात, "मला वाटलं, ही बाई माझं डोस्कं फोडायला आलीय."

आता हसतात. त्या दिवशी कुठं हसले! त्या दिवशी तिजोरीमागं लपले होते. आणि तिजोरी केवढी, व्यंकटराव केवढे. अर्धे मागं, अर्धे बाहेर.

त्याचं असं झालं. आठ दिवसांआधी वरच्या गल्लीतल्या सुलाबाईनं त्यांच्याकडून पैंजण नेले होते आणि तिसऱ्या दिवशी त्याचा आकडा तुटला. सुलाबाई म्हणजे बोलायला लागली तर झाडावरचे कावळे उठून जातात. भर रस्त्यात उभी राहून म्हणाली, "व्यंकटशेट, आता मी येत न्हाई. मी माणूस धाडते. ते माणूस बोलत न्हाई, काम करून जातं." तेव्हापासून व्यंकटरावांचा एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक रस्त्यावर.

आणि आली की हो! भर दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. एक उंच, काटकुळी बाई, पदर कमरेला खोचलेला, पायात धुळीनं भरलेल्या चपला, आणि हातात दीड-दोन किलोची हातोडी. एक शब्द बोलायली न्हाई. दुकानाच्या तीन पायऱ्या चढली आणि समोर उभी राहिली.

"आवं बाई, पैंजण बदलून देतो!" तिजोरीमागून आवाज आला. "बदलून काय, नवी जोडी देतो! सुलाबाईला म्हणावं, तकरार मिटली!"

बाईनं मागं वळून बघितलं, की हे कुणाशी बोलायलेत. मागं कुणीच न्हाई. मग तिनं हातोडी काचेवर हळूच ठेवली आणि म्हणाली, "जय भीम काका. मला पैंजण न्हाई पायजे. मला कडं घडवायला शिकवा. हातोडी मी माझी आणलीय."

आतल्या पडद्यामागं व्यंकटरावांची बायको तानुबाई चहा गाळत होती. तिच्या हातातून गाळणी पडली, ती हसण्यानं. ते हसू तिनं वर्षभर पुरवून पुरवून वापरलं.

ही धम्मशीला. चाळिशीची बाई. रानात दीड एकर, त्यात कापूस, आणि सीझनला लोकांच्या कापसाची वेचणी. घरात ती आणि तिची माय सरजाबाई. बोलणं मोजकं. पेडगावात तिला लोक घुमी म्हणायचे. घुमी कसली! ती ऐकायची. सगळं गाव बोलायला बसलेलं, ऐकायला कुणीतरी एक लागतंच की.

तिनं पदराची गाठ सोडली आणि चांदीच्या कड्याचे दोन तुकडे काढून काचेवर ठेवले. कडं जुनं, घासून घासून एका अंगाला काडीएवढं झालेलं, तिथंच तुटलेलं. व्यंकटरावांनी भिंग लावलं. आतल्या बाजूला तीन बारीक टिंबं होती, त्रिकोणात. भिंग तसंच डोळ्याला धरून त्यांनी तुकडा दोनदा उलटसुलट केला.

"हे बाबांच्या हातचं हाय," ते म्हणाले.

"मायच्या लग्नातलं हाय. जोडी होती. डावं हातातच हाय, निघतच न्हाई. हे उजवं तुटलं."

"मग असं कर, हे इथं ठेव आन् मशीनचं घेऊन जा. चकाचक. वजनाला वजन."

"माय न्हाई म्हणती. माझी चांदी दुसऱ्याच्या चांदीत गेली की ती माझी कशी, म्हणती. आन् एका हाताला वजन न्हाई म्हणून तिची भाकर वाकडी व्हायलीय."

"काय व्हायलीय?"

"भाकर. वाकडी. एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ. रोज भाकरी थापताना रडायलीय."

तेवढ्यात पडद्यामागून, "बरोबरच हाय. माझी बी हुईल."

"मग तुमी घडवून द्या," धम्मशीला म्हणाली.

"आता तेवढा येळ न्हाई मला."

"येळ न्हाई म्हणं!" पडदा पुन्हा बोलला. "अकरा वर्षं झाली ऐरणीवर मांजर झोपतंय. मनगट वळत न्हाई म्हणा की!"

खरंच होतं ते. तरुणपणी व्यंकटराव दिवसाला कड्यांची जोडी घडवायचे. मग मनगटानं दगा दिला. दहा घाव घातले की बोटं बधिर. तेव्हापासून बाहेरून तयार माल आणायचा, काचेत मांडायचा आणि खुर्चीत बसायचं. पेडगावात काय, आजूबाजूच्या पंधरा गावांत हातानं कडं घडवणारं कुणी उरलं न्हवतं.

धम्मशीलानं मान हलवली. "मग असं करू काका. हात माझे, नजर तुमची."

व्यंकटरावांनी मनात हिशोब बांधला, की बाई तीन दिवस येईल. पहिल्या दिवशी हौस, दुसऱ्या दिवशी बोटावर घाव, तिसऱ्या दिवशी रामराम. म्हणून ते म्हणाले, "चांदीला हात लावायचा न्हाई. आधी तांबं. तांब्याचं धड कडं हातून झालं, की मग बघू." दुसऱ्या दिवशी ती जळालेल्या मोटारीच्या अर्थिंगची जाड तांब्याची तार घेऊन हजर. मांजराला उठवलं, ऐरण पुसली आणि पोत्यावर बसली.

तिची ती हातोडी मात्र व्यंकटरावांनी बाहेर पायरीवर ठेवायला लावली. "हे काय दगड फोडायचं सामान इथं?"

"दगडाचंच हाय," धम्मशीला म्हणाली.

आणि मग कळलं. लहानपणापासून ती मायसोबत देवगाव फाट्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. हातानं फोडायचे तेव्हा. पुढं खडीचं मशीन आलं आणि मायलेकी कापसात आल्या. पण वीस वर्षं दगडासमोर बसलेली बाई होती ती. व्यंकटरावांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "जोर लावू नको, हातोडीला तिच्या वजनानं पडू दे." ती म्हणाली, "ते तर दगडालाबी तसंच असतंय." व्यंकटरावांना हे शिकायला बापाच्या हातचे चौदा महिने फटके खावे लागले होते. त्यांनी ते काही तिला सांगितलं न्हाई. बायकोला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं.

कापसाची वेचणी दुपारी तीनला सुटायची. चारच्या ठोक्याला धम्मशीला पोत्यावर. बोटांना बोंडांची टोकं टोचून भेगा पडलेल्या, त्यात सवागी गेली की चरचरायची. जोड भरताना धातू नीट वितळावा म्हणून लावतात ना ती पांढरी पूड, ती. पण तोंडातून हाय न्हाई की हुय न्हाई. व्यंकटराव खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि तोंडानं घडवायचे. "फिरव. फिरव. अजून फिरव. आता ताव दे." ताव म्हणजे काय, तर धातू ठोकून ठोकून कडक झाला की त्याला भट्टीत लालसर तापवायचं, पाण्यात बुडवायचं, की तो पुन्हा नरम. मग पुन्हा ठोकायचं. पुन्हा कडक, पुन्हा ताव. सगळी विद्या एवढ्यातच हाय म्हणायचे व्यंकटराव: थांबायचं कवा ते कळणं.

चौथ्या दिवशी तिनं त्यांच्या हातोडीचा सागवानी दांडा काढला आणि वेळूचा बारका, लवचीक दांडा बसवला. खडीच्या हातोडीला असतो तसा.

"हे काय केलंस? बाबांच्या वेळचा दांडा होता!"

"जाड दांडा सगळा दणका मनगटाला देतोय काका. बारका दांडा सोताच खातोय."

व्यंकटराव लय बोलले. आणि ती गेल्यावर, आजूबाजूला कुणी न्हाई बघून, त्यांनी ती हातोडी उचलली. दहा घाव घातले. बारा घातले. पंधरा. बोटं जाग्यावर. मग बराच वेळ ते आपल्या मनगटाकडं असं बघत बसले, जसं काही इतकी वर्षं ते दुसऱ्याचंच होतं. पडद्यातल्या फटीतून हे सगळं बघणारं कोण होतं, ते सांगायला नको.

पहिलं तांब्याचं कडं झालं ते शेळीनं चघळल्यासारखं. ते व्यंकटरावांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, "कडं हाय का वांगं?" दुसऱ्याची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी हाय. तार ठोकून छान चपटी झाली होती, धम्मशीला ठोकत होती, आणि एकदम थांबली.

"ताव द्यावं वाटतंय. आवाज बदललाय."

"कशाचा आवाज? मला तर सगळे घाव सारखेच ऐकू यायलेत. घाल अजून चार."

"नगं काका."

"उस्ताद कोण हाय? घाल चार!"

तिनं घातले. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला तांब्याच्या काठाला नखाएवढी चीर गेली. कडं वाया. धम्मशीलानं नुसतं बघितलं. अशी बघते ना ती, की समोरच्याला वाटतं त्यापेक्षा दोन शिव्या दिलेल्या परवडल्या.

"दगड कसा असतोय काका," ती म्हणाली, "चांगला असला की खणखण बोलतोय. फुटायच्या आधी त्याचा सूर बदलतो. वीस वर्षं तेच ऐकलंय. तांब्याचं उलटं हाय. ते नरम असताना दबकं बोलतंय, कडक व्हायला लागलं की चढतं. लय चढलं की समजायचं, आता जायलंय."

व्यंकटरावांनी जन्मभर ताव ओळखला तो डोळ्यांनी आणि बोटांनी. कानानं ओळखता येतो, हे त्यांना बापानंसुद्धा सांगितलं न्हवतं. त्यांना रागही आला आणि अंगावर काटाही आला. एकदम दोन्ही आलं की माणूस काय करतं? चहा मागतं. त्यांनी चहा मागितला.

तिसऱ्या कड्याचा जोड सुटला. चौथं गोल व्हायच्या ऐवजी अंड्यासारखं झालं. पाचवं मात्र असं उतरलं, की तानुबाई हात पुसत बाहेर आली, कडं उचललं, हातात घातलं आणि आत निघून गेली. संपलं. ते परत काही मिळालं न्हाई. तांब्यावर हातोडीच्या घावांची बारीक नक्षी उठली होती, पाण्यावर वारं चालावं तशी. तानुबाई सगळ्या गल्लीत हात हलवत बोलायला लागली, आधी तोंडानं बोलायची. बाया विचारायला लागल्या, हे कुठलं? मशीनवर असं कसं निघतंय?

मग आला चांदीचा दिवस.

आधी सरजाबाईची अट ऐका. दुसऱ्याची चांदी कणभरही मिसळायची न्हाई. म्हणून धातू वितळवायची मातीची मूस नवी आणली. जुन्या मुशीच्या बुडाला कुणाकुणाची चांदी चिकटलेली असेल! जोड भरायला जो डाख लागतो, तोही याच चांदीतली गव्हाएवढी काढून, त्यात पितळ घालून केला. याचा अर्थ समजला का? हे बिघडलं, तर वर भर घालायला काही न्हाई. जेवढी चांदी तेवढीच. कमी पडली तर म्हातारीचा उजवा हात जन्मभर रिकामा, आणि तिच्या लग्नातली जोडी कायमची फुटली.

दुकानाची फळी अर्धी ओढून अंधार केला, कारण तापलेल्या चांदीचा रंग उजेडात दिसत न्हाई. चांदी वितळली, मुशीत पाऱ्यासारखी हलली. व्यंकटरावांनी सांडशीनं मूस उचलली आणि त्यांचं मनगट वळेना. "धर, धर," ते म्हणाले, आणि धम्मशीलानं त्यांच्या हातातून सांडशी घेऊन साच्यात धार सोडली. एक थेंब बाहेर न्हाई. चांदीची कांडी पडली, करंगळीएवढी.

मग ठोकणं. दोन दिवस. ताव, पाणी, ठोक. तिसऱ्या दिवशी पट्टी जवळजवळ हवी तेवढी लांब झाली. व्यंकटराव खुर्चीच्या टोकावर आलेले. ठक, ठक, ठक. आणि व्यंकटरावांच्या तोंडून सवयीनं निघालं, "बास, अजून चा..."

धम्मशीलानं हातोडी खाली ठेवली.

व्यंकटरावांचं तोंड उघडंच होतं. ते त्यांनी मिटलं. उठले, पट्टी भिंगाखाली धरली आणि काठावरून नख फिरवलं. एका जागी नख किंचित अडखळलं. केसाएवढी चीर, नुकती सुरू होऊ बघणारी. अजून चार घाव पडले असते, तर पट्टीच्या आरपार गेली असती.

"कानसीनं काढता येईल," ते म्हणाले. "वरच्यावर हाय." मग स्वतः खाली बसले, भट्टीत फुंकणी घातली आणि ताव दिला. उस्तादानं शागिर्दासाठी भट्टी फुंकली! तानुबाईनं पडदा बाजूला सारून हे नीट बघून घेतलं. असल्या गोष्टी रोज रोज थोड्याच घडतात.

एवढं सगळं झालं, आणि भांडण झालं ते कशावरून, तर दाण्यावरून. ज्वारीच्या दाण्यावरून.

पट्टी वाकवून जोडायच्या आधी मापानं कापायची. व्यंकटराव म्हणाले, "डावं कडं मायच्या हातातच हाय ना? त्याच्यावरनं दोरा घेऊन ये." धम्मशीला दोरा घेऊन आली, पण तो डाव्या कड्याचा न्हवता. मायची उजवी मूठ, अंगठा आत दुमडून, तिचा. आणि तो डाव्यापेक्षा ज्वारीचे दोन दाणे मोठा भरत होता.

"हे काहून मोठं? जोडी हाय का सवती हायत?"

"उजवा हात मोठाच असतोय काका."

"कुणाचा?"

"काम करणाऱ्याचा."

"आगं, जोडी म्हंजे जोडी! एका मापाची, जुळ्या बहिणींवानी. बाबांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हे. आमच्या घरात आजवर कुणी डावं-उजवं केलं न्हाई. मोठं झालं आन् हातातून गळून पडलं तर? कापून परत जोडायचं म्हंजे डाखावर डाख. ती चांदी पुन्हा तापवायची हाय का तुला?"

"आन् बारकं झालं, उजव्यात गेलंच न्हाई, तर काय करायचं काका? बारकं कडं ठोकून मोठं करायचं म्हंजे पुन्हा ताव. एकदा चीर दिसलीय तिथं."

"जुनं कडं असतं तर दाखवलं असतं तुला!"

पण जुनं कडं कुठं होतं? तेच तर वितळवून बसले होते. पुरावा कुणाकडंच न्हाई. धम्मशीलानं आपल्या दोऱ्याच्या मापानं पट्टी कापली. व्यंकटराव रुसले. खरंच रुसले, दोन दिवस तिच्याशी बोलायचं ते तानुबाईमार्फत. "तिला म्हणावं, जोडाला सवागी जास्त झाली." धम्मशीला दोन हात लांब बसलेली. तानुबाई म्हणायची, "ऐकलं तिनं. ती भयरी न्हाई, तुमीच हाव."

जोड भरला, लोखंडी दांड्यावर कडं गोल केलं, वरून घावांची नक्षी उठवली, चिंचेच्या पाण्यात उकळून रिठ्यानं घासलं. आतल्या बाजूला धम्मशीलानं काही खूण केली न्हाई. व्यंकटरावांनी, रुसलेले असतानाच, टिंबं उठवायचा बापाचा बारका छिन्ना काढला आणि तिच्यापुढं सरकवला. "तिला म्हणावं, टिंबं तीनच घालायची." तिनं चार घातली.

कडं द्यायला तिघंही गेली. धम्मशीलाच्या घरी व्यंकटराव पहिल्यांदाच आले होते. चार गल्ल्यांचं अंतर, त्याला व्यंकटरावांची सहासष्ट वर्षं लागली. सरजाबाई चुलीपुढं बसली होती. डाव्या हातात कडं, उजवा हात मोकळा. व्यंकटराव बाजेवर टेकले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "आक्का, आधीच सांगतो, ढिलं हाय. माझ्यावर नाव येऊ द्यायचं न्हाई."

सरजाबाईनं कडं घेतलं. आधी गालाला लावलं. मग अंगठा आत दुमडून उजव्या हातात चढवलं. पेरापर्यंत आलं, अडलं. म्हातारीनं हात जरा फिरवला आणि कडं पेरावरून उतरून मनगटावर जाऊन बसलं. ना साबण, ना तेल. ती हात वरखाली करून बघायला लागली. मग पीठ ओढलं आणि भाकर थापायला घेतली. दोन्ही कड्यांचा आवाज परातीवर यायला लागला. धम्मशीला दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभी होती, आणि पेडगावच्या त्या घुम्या बाईचे डोळे भरून आले होते.

भाकर वाकडीच झाली.

"आज पिठालाच चिकटाई न्हाई," सरजाबाई म्हणाली.

"बघा, ढिलंच हाय!" व्यंकटराव बाजेवरून पुढं झुकले. "हलतंय मनगटावर. डाव्याच्या मापाचं केलं असतं तर गच्च बसलं असतं. जोडी सारखीच पायजे. बाबांनी सारखीच केली असणार."

सरजाबाईनं तव्यावरची भाकर उलटली. "तुझ्या बापानं सारखी न्हाई केली, व्यंकटराव."

"तुमाला काय ठावं आक्का?"

"मला न्हाई तर कुणाला? बाकीच्या बाया वर ओट्यावर बसायच्या, तो त्यांचा डावा हात धरून माप घ्यायचा, आन् जोडी त्या एका मापाची करायचा. आमचा हात तो कशाला धरंल? आमी त्या तीन पायऱ्यांच्या खाली. माझ्या मायनं घरून दोन दोरे मापून नेले. उजव्याच्या दोऱ्याला गाठ मारली होती, वळखू यावा म्हणून. ते पायरीवर ठेवले, त्यानं उचलले. कडी झाली तेव्हा वरूनच टाकली, मायनं पदरात झेलली." ती चुलीत लाकूड सारत होती. "पण केली तेवढी बराबर केली. दोऱ्यापरमानं. साऱ्या गावात दोन्ही हाताला नीट बसणारी कडी माझीच होती."

व्यंकटराव तव्याकडं बघत होते. त्यांच्या दुकानात काचेवर एक साबणाची वडी कायम असायची, बापाच्या वेळपासून. बाया कडं-पाटली घालून बघायच्या. डाव्या हातात सर्रकन जायची, उजव्याला साबण लागायचा. "आवं हात फुगलाय तुमचा," व्यंकटराव हसून म्हणायचे. किती बायांना म्हणाले असतील?

पण सोनार तो सोनार. हार अशी कशी मानंल? "ते असंल," ते म्हणाले. "खडी फोडून तुमचा उजवा मोठा झाला असंल. सगळ्यांचा न्हाई होत."

धम्मशीला दारातून पुढं आली. "हात आणा काका."

"माझा कशाला?"

"इतकी वर्षं हातोडी कोणत्या हातात धरली?"

व्यंकटरावांनी उजवा हात पुढं केला. तिनं तो आपल्या भेगाळलेल्या हातात घेतला, अंगठा आत दुमडला, मुठीभोवती दोरा गुंडाळला आणि गाठ मारली. मग डावा हात घेऊन त्याच दोऱ्याच्या फासात घातला. फास लोंबायला लागला.

"तू ताणला असशील दोरा."

"मग तानुकाकूला बांधू द्या."

तानुबाईनं बांधला, आणि अकरा वर्षांचा सगळा जोर लावून बांधला. तरीबी डाव्या हातावर तो लोंबलाच.

"बरं," व्यंकटराव म्हणाले. "दाणाभर असंल फरक."

"दोन दाणे."

"एक!"

सरजाबाईनं सुपातली ज्वारी पुढं सरकवली. धम्मशीलानं फासात एक दाणा सरकवला. दोरा तरी ढिला. दुसरा सरकवला. दोरा नीट बसला. तिनं वर बघितलं. ती तसं बघते ना.

"दोन," व्यंकटराव म्हणाले. मग वाकडी भाकर मोडून चटणीला लावली, आणि घास तोंडात असतानाच पुटपुटले, "ती साबणाची वडी उद्या फेकून देतो."

"फेकू नगा काका," धम्मशीला म्हणाली. "हात धुवायला ठेवा."